स्पॅम फिल्टरला आपोआप किती शिकू द्यावं?

फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. बावीस माणसं, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. काम न्हावा शेवा बंदराचं आणि सहारच्या एअर कार्गोचं. या ऑफिसात येणाऱ्या खऱ्या मेलचे विषय बघा: ‘अर्जंट, पेमेंट पेंडिंग’, ‘इनव्हॉइस अटॅच्ड’, ‘बँक डिटेल्स बदलले आहेत’, ‘आजच क्लिअर करा’. आता फसवणुकीच्या मेलचे विषय बघा. तेच. शब्दांवरून स्पॅम ओळखणाऱ्या फिल्टरला याहून अवघड शाळा सापडायची नाही.

एका सोमवारी डॉक्युमेंटेशनवाले काका माझ्या टेबलाशी आले. “अहो, शिपिंग लाइनवाले म्हणतायत डिलिव्हरी ऑर्डर शुक्रवारीच पाठवली. आमच्याकडे तर काहीच नाही.” मेल स्पॅमच्या फोल्डरात निवांत पडला होता. कंटेनर यार्डात, भाडं चढतंय, शेठ फोनवर. चूक कुणाची, हे शोधायला दोन दिवस गेले आणि ती माझीच निघाली. कशी, ते पुढे येईल. या लेखातली अर्धी अक्कल त्या दोन दिवसांचीच आहे.

लेख स्पॅमअसॅसिन नावाचा स्पॅम फिल्टर वापरणाऱ्या नवख्यांसाठी आहे. लहान ऑफिसांच्या, संस्थांच्या लिनक्स सर्व्हरवर आजही बहुधा हाच असतो. एक सोय सांगून ठेवतो: सेटिंगची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायची आणि सेटिंगच्या नावातल्या शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालायचा. सेटिंगची फाइल म्हणजे ‘लोकल डॉट सीएफ’. काही सर्व्हरवर ती ‘ईटीसी’खालच्या ‘स्पॅमअसॅसिन’ फोल्डरात असते, काहींवर ‘ईटीसी’, मग ‘मेल’, मग ‘स्पॅमअसॅसिन’ अशी.

फिल्टर शिकतो म्हणजे काय करतो

थॉमस बेझ हे अठराव्या शतकातले इंग्लंडमधले धर्मोपदेशक. त्यांचं शक्यतेचं गणित ते गेल्यानंतर, १७६३ मध्ये छापलं गेलं. ते स्पॅमला लावायची कल्पना त्याआधीही मांडली गेली होती, पण पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२ च्या लेखाने ती घरोघरी पोचली. गणित अगदी साधं आहे. प्रत्येक शब्द स्पॅममध्ये किती वेळा दिसला आणि खऱ्या मेलमध्ये किती वेळा, याची फिल्टर वही ठेवतो. खऱ्या मेलला या धंद्यात ‘हॅम’ म्हणतात. मलाही हसू आलं होतं, पण शब्द रूढ आहे.

समजा वहीत ६०० स्पॅम आणि ४०० हॅम आहेत. ‘लॉटरी’ हा शब्द ६० स्पॅममध्ये आला, हॅममध्ये एकदाही नाही. म्हणजे हा शब्द दिसला की मेल जवळजवळ नक्की स्पॅम. आता त्या ६० पैकी २० मेल चुकून हॅमच्या पानावर गेले असं धरा. स्पॅम राहिले ५८०, त्यातल्या ४० मध्ये ‘लॉटरी’, म्हणजे सुमारे ७ टक्के. हॅम झाले ४२०, त्यातल्या २० मध्ये ‘लॉटरी’, म्हणजे सुमारे ५ टक्के. सातला सात अधिक पाचने भागा, उत्तर ०.५८ च्या आसपास येतं. जवळजवळ खात्रीचा शब्द थेट ‘सांगता येत नाही’वर आला. हजारातल्या फक्त वीस चुकीच्या नोंदींनी हे झालं. स्पॅमअसॅसिनचं खरं गणित याहून थोडं सावध आहे, पण दुखणं हेच.

स्पॅमअसॅसिन या वहीवरून मेलला ‘बेझ-००’ ते ‘बेझ-९९’ आणि त्याहीपुढे ‘बेझ-९९९’ असा शेरा देतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ‘बेझ-००’ला उणे १.९ गुण मिळतात, ‘बेझ-९९’ला अधिक ३.५. बाकी शेकडो नियमांचे गुण वेगळे. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. म्हणजे पाचातले साडेतीन गुण एकटी वही देऊ शकते. वहीत कोण काय लिहितं याची काळजी करायची ती एवढ्यासाठी.

आपोआप शिकण्याचे दोन उंबरठे

आपोआप शिकणं म्हणजे फिल्टर स्वतःचाच निकाल वाचून स्वतःची वही भरतो. मुलाने स्वतःचा पेपर स्वतः तपासावा तसं. म्हणून त्याला दोन उंबरठे घातलेले असतात. ‘बेझ ऑटो लर्न थ्रेशोल्ड स्पॅम’ मुळात १२.० असतो. मेलचे गुण तिथपर्यंत पोचले तरच स्पॅम म्हणून नोंद. ‘बेझ ऑटो लर्न थ्रेशोल्ड नॉनस्पॅम’ ०.१ असतो. गुण त्याखाली असले की हॅम म्हणून नोंद. मधल्या मेलला वही हात लावत नाही.

नवखे इथेच गोंधळतात, कारण या उंबरठ्यांना लावायचे गुण म्हणजे हेडरमध्ये (मेलच्या डोक्यावरच्या तांत्रिक ओळींत) छापलेले गुण नव्हेत. शिकायचं की नाही हे ठरवताना बेझचा स्वतःचा शेरा वगळला जातो, नाहीतर वही स्वतःलाच साक्षीदार ठेवेल. तुम्ही ज्यांना ‘हे आपले’ म्हणून यादीत टाकलंय त्यांचे उणे गुणही वगळतात. आणि उरलेल्या नियमांचे गुण बेझ बंद असतानाच्या वेगळ्या तक्त्यातून घेतले जातात. स्पॅमसाठी आणखी एक अट आहे: निदान ३ गुण हेडरमधून आणि निदान ३ गुण मजकुरातून यायला हवेत. त्यामुळे स्पॅमचा उंबरठा ६ च्या खाली नेऊन काही फरक पडत नाही. शिवाय वही ठामपणे उलटं म्हणत असेल, तर नोंद होतच नाही.

म्हणून ‘गुण १४ आहेत तरी शिकला का नाही?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, त्या चौदातले बेझचे किती, आणि मजकुराचे किती?

पायरी १: आधी नुसतं बघा

कुठल्याही मेलचा पूर्ण हेडर उघडा आणि ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ची ओळ शोधा. तिच्यात ‘ऑटोलर्न’पुढे ‘हॅम’, ‘स्पॅम’ किंवा ‘नो’ असेल. ‘डिसेबल्ड’ म्हणजे शिकणं बंद आहे. ‘फेल्ड’ म्हणजे शिकायला गेला, पण वहीत लिहिता आलं नाही. बहुतेकदा परवानगीचा किंवा कुलपाचा घोळ. आठवडाभराचे मेल घेऊन ही ओळ मोजा. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा दहातले सहा-सात मेल ‘हॅम’ म्हणून शिकले जात होते, आणि त्यात एअर कंडिशनर दुरुस्तीच्या जाहिरातीही होत्या.

मग ‘एसए-लर्न’ला, म्हणजे वही भरायच्या आणि बघायच्या आज्ञेला, ‘डंप मॅजिक’ सांगा. ‘एनस्पॅम’ आणि ‘एनहॅम’, म्हणजे आतापर्यंत किती स्पॅम आणि किती हॅम शिकले, हे दोन आकडे दिसतील. दोन्ही २०० च्या वर जाईपर्यंत बेझ शेराच देत नाही. कालच सुरू केलं आणि बेझ काही बोलत नाही म्हणून घाबरू नका.

पायरी २: आपोआप बंद, हाताने सुरू

‘बेझ ऑटो लर्न’ तीन आठवडे ० करा. हा सल्ला कुणाला आवडत नाही, मला माहीत आहे. पण पाया हाताने भरलेला असेल तरच वरचे मजले त्याला भरू द्यायचे.

आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच, दोन सामायिक फोल्डर करा: ‘हे स्पॅम’ आणि ‘हे स्पॅम नाही’. ऑफिसात सगळ्यांना सांगा की मेल ओढून तिथे टाका, फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड केला की हेडर तुमच्या माणसाचा होतो आणि फिल्टर शिकतो की आपले काकाच स्पॅम पाठवतात. हे मी चेष्टेने लिहीत नाही.

हॅम गोळा करताना सगळ्या टेबलांवरून घ्या, पण ज्याचा इनबॉक्स त्याला विचारून, आणि खासगी मेल त्यालाच बाजूला काढू द्या. नुसत्या अकाउंट्सच्या मेलवर शिकवलं तर ऑपरेशन्सचे मेल त्याला परके वाटतील. आमच्याकडे कस्टम्सच्या पोर्टलवरून येणारे मेल, शिपिंग लाइनच्या नोटिसा, ट्रकवाल्यांचे दोन शब्दांचे मेल आणि बँकेची स्टेटमेंट, या सगळ्यांचे थोडेथोडे घेतले. स्पॅमही शक्यतो ताजाच घ्या, दोन वर्षांपूर्वीचं स्पॅम शिकवून आजचं सापडत नाही. ५०० विरुद्ध ५०० च्या आसपास पोचलात की पुरे.

पायरी ३: कोणाच्या सर्व्हरवर विश्वास

ही पायरी लोक गाळतात, आणि मग पुढचे सगळे आकडे बिघडतात. ‘ट्रस्टेड नेटवर्क्स’मध्ये तुमचे स्वतःचे सर्व्हर आणि मेल तुमच्यापर्यंत आणून देणाऱ्या होस्टिंगवाल्याचे सर्व्हर नीट लिहा. एखादा मेल फक्त विश्वासू सर्व्हरांतून आलाय असं फिल्टरला वाटलं, की तो ‘ऑल ट्रस्टेड’ म्हणून उणे १ गुण देतो. या यादीत भलताच मोठा पत्त्यांचा पट्टा घातला, तर बाहेरचा कचराही घरचा ठरतो आणि थेट हॅम म्हणून वहीत जातो. उलट होस्टिंगवाल्याचा सर्व्हर यादीत नसला, तर काळ्या याद्यांत (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या याद्यांत) शोध घेतला जातो तो होस्टिंगवाल्याचा, पाठवणारा राहतो बाजूला.

या याद्यांना विचारणा होते ती डीएनएसमधून, म्हणून जोडीला सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (ही विचारणा करणारा प्रोग्रॅम) बसवा. ‘अनबाउंड’ चालतो. सगळं जग वापरतं त्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं, तर बऱ्याच काळ्या याद्या उत्तरच देत नाहीत. हेडरमध्ये ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ दिसत असेल तर तुमचं हेच झालंय. आणि काळ्या यादीचे गुण मिळाले नाहीत की स्पॅमचे गुण शून्याजवळ राहतात, म्हणजे हॅमच्या उंबरठ्याखाली.

पायरी ४: उंबरठे हलवा

आता माझी चूक. स्पॅम फार येतंय अशी ओरड झाली, तेव्हा मी स्पॅमचा उंबरठा बारावरून सहावर आणला. जास्त शिकेल, जास्त पकडेल, असा हिशेब. पंधरा दिवस झकास चाललं. मग त्या शिपिंग लाइनचा सर्व्हर दोन दिवस काळ्या यादीत गेला. मोठमोठ्यांचं होतं असं, नंतर नाव निघतं. पण त्या दोन दिवसांत त्यांच्या मेलना यादीचे गुण मिळाले, त्यांच्या गचाळ एचटीएमएलचे गुण मिळाले, बेरीज सहाच्या वर गेली, आणि ‘डिलिव्हरी ऑर्डर’, ‘कंटेनर’, ‘रिलीज’ हे शब्द स्पॅमच्या पानावर चढले. पुढे त्यांचं नाव यादीतून निघालं. वहीने मात्र आकस धरून ठेवला. मग त्या शुक्रवारी बेझचे ३.५ आणि गचाळपणाचे दीड, झाले पाच.

तेव्हा स्पॅमचा उंबरठा १२ वरच ठेवा. तुमचे मेल आमच्यासारखे स्पॅमच्या शब्दांत बोलणारे असतील, तर १४ किंवा १५ करा. जास्त स्पॅम शिकवायचं असेल तर ते हाताने शिकवा.

हॅमचा उंबरठा मात्र हमखास बदला. ०.१ चा अर्थ नीट बघा: ज्या मेलवर एकही नियम लागला नाही, त्याचे गुण शून्य, म्हणजे तो हॅम. पण कुठलाच नियम न लागणं म्हणजे ओळख न पटणं. गेटवरच्या वॉचमनने न ओळखलेल्या माणसाला सोसायटीचा मेंबर म्हणून रजिस्टरमध्ये लिहावं, तसा हा प्रकार. नव्या धाटणीचं स्पॅम पहिल्या काही तासांत नेमकं असंच शून्यावर असतं. वर आजकाल स्पॅमवालेही डीकेआयएमची सही (मेल खरंच त्या डोमेनचा आहे याची खूण) नीट करतात, आणि त्याचे दशांशातले उणे गुण त्यांनाही मिळतात. म्हणून ० किंवा उणे ०.१ नेही काम भागत नाही.

आमच्याकडे तो उणे ०.५ आहे. सह्यांच्या किरकोळ उणे गुणांच्या पलीकडे आणि ‘ऑल ट्रस्टेड’च्या उणे एकच्या अलीकडे. त्यामुळे आपोआप शिकलं जातं ते मुख्यतः आमच्याच माणसांनी लिहिलेलं आणि चांगलं नाव असलेल्या सर्व्हरांवरून आलेलं. आमच्या माणसांचे मेल म्हणजे धंद्याची खरी भाषा, ती शिकायलाच हवी. धोका एकच. कुणाचा पासवर्ड चोरीला गेला आणि त्याच्या खात्यातून स्पॅम सुटलं, तर तेही घरचं म्हणून शिकलं जाईल. तसं झालं तर आधी ‘बेझ ऑटो लर्न’ ० करा, पासवर्ड नंतर बदला. म्हणजे दोन्ही लगेच करा, पण पहिलं विसरू नका.

हे झालं की ‘बेझ ऑटो लर्न’ पुन्हा १ करा, ‘स्पॅमअसॅसिन’ला ‘लिंट’ पर्याय देऊन फाइल तपासा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ‘बेझ ऑटो लर्न ऑन एरर’ असंही एक सेटिंग आहे. ते १ केलं की बेझचा अंदाज आधीच बरोबर असलेले मेल पुन्हा शिकले जात नाहीत. वही लहान राहते. नवख्याने ते पहिले काही महिने ० च ठेवावं असं माझं मत.

पायरी ५: वही एकच आहे ना?

हा खड्डा इतका जुना आहे की त्यात न पडलेला माणूस मला भेटलेला नाही. तुम्ही रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युझर, म्हणून लॉगिन करून ‘एसए-लर्न’ चालवता, पाचशे मेल शिकले असं उत्तर येतं, आणि फिल्टरवर काडीचाही परिणाम होत नाही. कारण वही प्रत्येक युझरच्या घरातल्या लपलेल्या ‘स्पॅमअसॅसिन’ फोल्डरात असते. तुम्ही रूटची वही भरलीत आणि फिल्टर वाचतोय दुसऱ्याच युझरची, उदाहरणार्थ मेल फिल्टरकडे नेणाऱ्या ‘अमाविस’ची. फिल्टर ज्या युझरखाली चालतो, ‘सूडू’ने त्याच युझरखाली शिकवा, किंवा ‘बेझ पाथ’ देऊन सगळ्यांची वही एका जागी आणा. खात्री करायची सोपी रीत: शिकवण्याआधी आणि नंतर त्या युझरखाली ‘डंप मॅजिक’ बघा. आकडा हलला पाहिजे.

पायरी ६: चुका खोडणं

चुकीच्या पानावर गेलेला मेल सापडला तर वही पुसायची गरज नाही. तोच मेल ‘एसए-लर्न’ला योग्य बाजूने द्या. त्याला आठवत असतं की हा मेल आधी कुठे नोंदवला होता, तो आधी विसरतो आणि मग नव्याने शिकतो. बाजूच ठरवायची नसेल तर ‘फरगेट’. मी शिपिंग लाइनचे त्या दोन दिवसांतले मेल शोधून हॅम म्हणून परत शिकवले, आणि त्याच दिवशी दुपारपासून त्यांचे मेल सुरळीत आले.

मोठा घोळ झालाच, तर कालची प्रत हवी. ‘एसए-लर्न’चा ‘बॅकअप’ पर्याय रोज रात्री आपोआप चालेल असा क्रॉनमध्ये (लिनक्सच्या वेळापत्रकात) लावा, परत आणायला ‘रिस्टोर’. दोन ओळींचं काम आहे, आजच करा.

मार्च एंड आणि मराठी

वहीत मुळात दीड लाख शब्दखुणा मावतात, जागा साधारण ८ एमबी. त्याहून जास्त झाल्या की बराच काळ न दिसलेल्या खुणा गळतात. ऐकायला बरोबर वाटतं, पण आमच्या ऑफिसात मार्चमध्ये जी भाषा असते ती एप्रिलमध्ये नसते. ‘टीडीएस’, ‘कन्फर्मेशन ऑफ बॅलन्स’, ‘एकतीस तारखेच्या आत’ हे अकरा महिने झोपलेलं असतं, आणि पुढच्या मार्चपर्यंत गळून जाऊ शकतं. म्हणून ‘बेझ एक्स्पायरी मॅक्स डीबी साइझ’ मी पाच लाख केला. आजच्या डिस्कवर पंचवीस-तीस एमबी कुणी मोजत नाही. ‘डंप मॅजिक’मध्ये सगळ्यात जुन्या खुणेची वेळ दिसते. ती निदान वर्षभर मागची आहे ना, हे बघत जा.

मराठी मेलचा अनुभव मजेशीर आहे. आमच्या वहीत मराठी फारच थोडं होतं: गणपतीत मंडळाच्या वर्गणीचे मेल, सोसायटीच्या नोटिसा, दिवाळीच्या शुभेच्छा. सगळं हॅम. स्पॅम सगळं इंग्रजी. फिल्टरने सरळ निष्कर्ष काढला की देवनागरी दिसली म्हणजे मेल चांगला. ‘आहे’, ‘आणि’, ‘कृपया’ हे शब्दच हॅमची पावती ठरले. मग एक दिवस झटपट कर्जाचा मराठी मेल आला, भाषांतर इतकं भयंकर की वाचवत नव्हतं, आणि तो ‘बेझ-००’ घेऊन, सलाम ठोकून आत गेला. यावर उंबरठा हलवून उपाय नाही. मराठी स्पॅम आपोआप शिकलं जाण्याइतके गुण सहसा मिळवत नाही, कारण बहुतेक नियम इंग्रजीकडे बघून लिहिलेले आहेत. ते हातानेच शिकवावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत इंग्रजीबाहेरच्या भाषांची हाताळणी बरीच सुधारली, तेव्हा अजून ३.४ वर असाल तर आधी तेवढं करून घ्या. मी ऑफिसात सांगून ठेवलंय की मराठीत काहीही विकणारा मेल आला की डिलीट करू नका, ‘हे स्पॅम’मध्ये टाका. डॉक्युमेंटेशनवाले काका हे काम आवडीने करतात. शुद्धलेखनाच्या चुका मोठ्याने वाचून दाखवतात, आणि मग ओढून टाकतात.